जुन्या सिटी व्हीटेकसाठी थंड हवेचा इनटेक: मोजणीपासून फिटिंगपर्यंत

१९९८ ते २००३ या काळात भारतात विकली गेलेली पहिली होंडा सिटी, आणि त्यातही १.५ व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारं होंडाचं तंत्र), आजही अनेकांनी जिवापाड जपली आहे. १४९३ सीसी, १०६ हॉर्सपॉवर आणि टॅकोमीटरचा काटा वर चढेल तसं खुलत जाणारं इंजिन. या गाडीवर पहिला बदल म्हणून बरेच जण कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरची बंद पेटी, काढून उघडा, शंकूसारखा कोन फिल्टर लावतात. आवाज वाढतो, त्यामुळे गाडी जोरात पळतेय असं वाटतं. उन्हाळ्यात सिग्नलवरून सुटताना मात्र पिकअप आधीपेक्षा कमी झालेला असतो.

यामागचं कारण बॉनेट उघडल्यावर दिसतं. या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरच्या अंगाला आहे, तर इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा मार्ग, मागे, फायरवॉलकडे (केबिनच्या भिंतीकडे). रेडिएटरमधून आलेली गरम हवा एक्झॉस्टवरून जाऊन आणखी तापते आणि सरळ मागे येते. उघडा फिल्टर तीच हवा ओढतो. ६० अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा ३५ अंशांची हवा सुमारे ८ टक्के घन असते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन सिलिंडरमध्ये जास्त जातो. नुसत्या फिल्टरच्या जाळीत एवढा फरक पाडण्याची ताकद नाही.

इथे दिलेल्या बांधणीत फिल्टर बंद पेटीत आहे आणि पेटीला हवा रेडिएटरच्या पुढून, पण उंचावरून मिळते. फिल्टर खाली बंपरच्या कोपऱ्यात उतरवणारे तयार किट परदेशात खूप चालतात. आपल्याकडच्या पावसात तो प्रकार करू नका. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

आधी मोजा

कंपनीचा इनटेक खरोखर अडवतोय का, हे पाहायला डायनो (शक्ती मोजायचं यंत्र) लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आतून ६ मिमीची, साधारण ४ मीटर घ्या. तिचा एक भाग फळीवर इंग्रजी यू आकारात बसवा, प्रत्येक बाजू किमान ६० सेंमी उंच ठेवा, मागे मोजपट्टी चिकटवा आणि निम्म्यापर्यंत शाई घातलेलं पाणी भरा. नळीचं एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) यांच्या मधल्या पाइपला छोट्या निपलने जोडा. दुसरं टोक गाडीच्या आत उघडं ठेवा. पाणी चुकून इंजिनाकडे ओढलं जाऊ नये म्हणून मध्ये एक रिकामी, झाकण घट्ट बसणारी बाटली जोडा.

मोकळ्या, खासगी रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या आणि शेजारी बसलेल्याला ६५०० आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाचायला सांगा. खिडक्या पहिल्या चाचणीत बंद असतील तर पुढच्या चाचणीतही बंदच ठेवा, नाहीतर केबिनमधला दाब बदलतो आणि आकडे जुळत नाहीत. वातावरणाचा दाब पाण्याच्या सुमारे १० मीटर स्तंभाएवढा असतो, म्हणून १०० मिमीचा फरक म्हणजे ढोबळमानाने १ टक्का दाब वाया. फरक १०० मिमीच्या आत असेल तर अडथळा कमी करून हाती फार काही लागणार नाही. लक्ष तापमानावर द्या. ३०० मिमीच्या पुढे गेला तर आधी फिल्टर नवा घालून पुन्हा मोजा. अनेकदा प्रश्न तिथेच सुटतो.

तापमानासाठी के-टाइप प्रोब (टोकाशी तापमान मोजणारी वायर) लावता येणारा मल्टिमीटर पुरतो. प्रोबचं टोक फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये मधोमध लोंबतं ठेवा, पाइपच्या भिंतीला टेकू देऊ नका. ६० च्या स्थिर वेगाने दहा मिनिटं चालवून आकडा लिहा, बाहेरचं तापमानही लिहा. हे आकडे जपून ठेवा, काम झाल्यावर यांच्याशीच तुलना करायची आहे.

एक अट. प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप, टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन ठीक नसेल तर इनटेकवर एक रुपयाही घालू नका. वीस वर्षं जुन्या गाडीत हरवलेले घोडे बहुधा तिथेच असतात.

पाइपचा व्यास आणि लांबी

१४९३ सीसीचं चार स्ट्रोक इंजिन ७००० आरपीएमला दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरतं. भरण्याची क्षमता ९० टक्के धरली तर सेकंदाला सुमारे ७८ लिटर हवा लागते. बाहेरून ६३.५ मिमी, म्हणजे अडीच इंची आणि दीड मिमी जाड पाइपात ही हवा सेकंदाला २७ मीटर वेगाने जाते. दोन इंची पाइपात हाच वेग ४३ मीटर होतो आणि दाबाचं नुकसान अडीचपट. तीन इंची पाइपात वेग १९ मीटरपर्यंत उतरतो. कागदावर हे छान दिसतं, पण सिटीच्या बॉनेटखाली तो वळवायला जागा नाही आणि थ्रॉटल बॉडीशी जोडताना एकदम अरुंद करावा लागतो. अडीच इंचीच घ्या.

पाइपच्या लांबीनेही फरक पडतो. हवेचे ठोके पाइपात मागेपुढे उसळतात. ढोबळ हिशेबाने पेटीपासून थ्रॉटलपर्यंत ६० सेंमी लांबी असेल तर त्यांचा फायदा साधारण ४४०० आरपीएमच्या आसपास मिळतो, ४० सेंमी असेल तर ६५०० च्या जवळ. शहर आणि घाट दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीला ५० ते ६० सेंमी उत्तम. वळणं प्रेसवर दाबून केलेली नकोत, मँड्रेल बेंडच (आतून आधार देऊन वाकवलेली) हवीत. दाबलेल्या वळणात आतली बाजू चपटी होते आणि व्यास वाढवून मिळवलेलं सगळं तिथे जातं.

तोंड कुठे

सिटीच्या एका सिलिंडरची क्षमता ३७३ सीसी. कॉम्प्रेशन ९.५ ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा फक्त ४४ मिली, म्हणजे पोह्याच्या चमच्याने आठ-नऊ चमचे पाणी. तेवढं एका सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन थांबतो, क्रँक मात्र फिरत राहतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही. साचलेल्या पाण्यातून जाताना गाडीपुढे लाट उठते आणि शेजारून बस गेली की ती आणखी चढते. बंपरच्या कोपऱ्यातला फिल्टर अशा वेळी सरळ पाण्याखाली जातो.

म्हणून हवा आत घेणारं तोंड रेडिएटरच्या वरच्या कडेजवळ, ग्रिलच्या मागे किंवा हेडलाइटच्या आतल्या बाजूला ठेवा. जमिनीपासून किमान ६० सेंमी उंची टेपने मोजून घ्या. तोंडापासून पेटीपर्यंत ७५ मिमीचा लवचिक डक्ट लागतो. त्याचं क्षेत्रफळ ४४ चौरस सेंमी, पाइपचं २९. हवा आत येतानाच अडणार नाही एवढा हा फरक आहे. डक्ट पेटीत शिरण्यापूर्वी एकदा वर चढून मग खाली उतरेल असा वळवा; शिंतोडे त्या चढावरच थांबतात. तोंडाला ५-६ मिमी भोकांची जाळी लावा. बारीक जाळी लावली तर पानं आणि किडे चिकटून ती आठवड्यात बुजते. तोंडाची कड धारदार ठेवू नका, १० ते १२ मिमी त्रिज्येने बाहेर वळवून घ्या. सनईच्या टोकासारखा हा आकार हवेला अलगद आत घेतो.

विम्याचीही एक गोष्ट इथेच. साध्या मोटार विम्यात पाणी ओढून लॉक झालेल्या इंजिनाचा खर्च सहसा बसत नाही. त्यासाठी वेगळं इंजिन प्रोटेक्ट कव्हर लागतं आणि एवढ्या जुन्या गाडीला ते मिळणं अवघड.

सामान

- अ‍ॅल्युमिनियम पाइप, ६३.५ मिमी, १.५ ते २ मिमी जाड: ९० अंशांचं एक वळण, ४५ अंशांचं एक, आणि ३०० मिमी सरळ तुकडा
- सिलिकॉन कपलर: ६३ मिमीचा फुगीर, म्हणजे हंप असलेला, एक; ६३ मिमीवरून थ्रॉटल बॉडीच्या मापाला उतरणारा एक (थ्रॉटल बॉडीचं बाहेरचं माप व्हर्नियरने घ्या, अंदाजाने मागवू नका)
- स्टेनलेस होज क्लॅम्प, सहा
- कोन फिल्टर: फ्लँज ६३ मिमी, बुडाशी १५० मिमी, उंची १३० ते १५० मिमी
- अ‍ॅल्युमिनियम पत्रा, १.५ मिमी, दोन फूट बाय तीन फूट
- कडांसाठी रबर बीडिंग दोन मीटर, झाकणासाठी १० मिमी जाड ईपीडीएम (रबरी) फोमची पट्टी
- ७५ मिमी डक्ट, एक मीटर
- ब्रीदरसाठी (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर नेणाऱ्या नळीसाठी) अ‍ॅल्युमिनियम निपल, जुन्या नळीच्या आतल्या मापाचा
- एम६ नट-बोल्ट, रबर माउंट दोन, पॉप रिवेट

पुण्यात नाना पेठेत यातलं बरंचसं मिळतं. सिलिकॉन कपलर आणि मँड्रेल बेंड ऑनलाइन मागवावे लागतील. पाइपासाठी पीव्हीसी नको, बॉनेटखालच्या उष्णतेत तो मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो. लोखंडी पाइपही नको, कारण आतून गंजून सुटलेली पापडी फिल्टरच्या पलीकडे, सरळ इंजिनात जाते. अ‍ॅल्युमिनियम तापतं म्हणून त्यावर महागडी पट्टी गुंडाळणारेही भेटतात. पूर्ण थ्रॉटलला हवा त्या पाइपात सेकंदाचा पन्नासावा भागच असते; तेवढ्यात ती फारशी तापत नाही. ते पैसे पेटीच्या सीलिंगवर घाला.

पेटी

आधी पुठ्ठ्याची पेटी बनवा आणि बॉनेट लावून पाहा. फिल्टरच्या सर्व बाजूंनी २० ते २५ मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर भिंतीला टेकलेल्या घड्यांतून हवाच जात नाही. साधारण २०० बाय २०० बाय १९० मिमीची पेटी होते. बॉनेट आणि झाकण यांत किमान १५ मिमी अंतर ठेवा. ते तपासायला झाकणावर मळलेल्या कणकेचे चार गोळे ठेवून बॉनेट लावा आणि उघडा. दबलेल्या गोळ्याची उंची म्हणजे तिथलं खरं अंतर.

माप बरोबर आलं की पुठ्ठा उलगडून पत्र्यावर आखा. पत्रा वाकवायला बेंडिंग मशीन नसेल तर दोन लोखंडी अँगलमध्ये धरून लाकडी हातोडीने हळूहळू वाकवा. कोपरे रिवेटने जोडा आणि आतून सिलिकॉन सीलंट भरा. रिवेट चालतात ते इथेच, कारण ही फिल्टरच्या बाहेरची बाजू. फिल्टरनंतरच्या पाइपला एकही रिवेट, सेल्फ स्क्रू किंवा सुटू शकणारा तुकडा लावू नका. तो सुटला तर थेट व्हॉल्व्हवर जातो.

पेटीच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात ६ मिमीची दोन भोकं ठेवा. पावसाचं पाणी तिथून निथळतं. पाइप जिथे पेटीतून बाहेर पडतो तिथे होल सॉने ७० मिमीचं भोक पाडा, कड कानसने साफ करा आणि बीडिंग बसवा. पाइप पत्र्याला घट्ट बांधायचा नाही. इंजिन हलताना त्याला थोडं खेळू द्यायचं. झाकणाला कडेने फोमची पट्टी लावून एम६ च्या चार बोल्टने बसवा. पेटीत टॉर्च ठेवून झाकण लावा आणि गॅरेज अंधारं करा. जिथून उजेड दिसतो तिथून गरम हवा आत येणार.

पाइप जोडणी

वळणं आणि सरळ तुकडा थ्रॉटल बॉडीपासून पेटीपर्यंत टेपने जुळवून, मार्करने खुणा करून मगच वेल्डरकडे न्या. प्रत्येक जोडावर दोन्ही तुकड्यांवरून जाणारी एक उभी रेघ मारा, म्हणजे वेल्डिंग करताना वळण फिरणार नाही. काम आर्गन वेल्डिंगचंच हवं. थ्रॉटलच्या अगदी तोंडाशी वळण आणू नका. किमान ६० मिमी सरळ भाग ठेवा.

सिलिंडर हेडच्या कव्हरवरून येणारी ब्रीदरची नळी कंपनीच्या पाइपला, फिल्टरनंतर जोडलेली असते. नव्या पाइपालाही ती तिथेच जोडायची. बरेच जण ती उघडी सोडतात किंवा तिच्यावर इवलासा फिल्टर लावतात. मग केबिनमध्ये तेलाचा वास येतो आणि इंजिनावर तेलकट धूळ बसते. निपल पाइपाच्या आत डोकावू देऊ नका, आतून सपाट घासा. इनटेक हवेचा तापमान सेन्सर तुमच्या गाडीत पाइपवर असेल तर रबर ग्रोमेटसह नव्या पाइपात बसवा. मॅनिफोल्डवर (थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावर) असेल तर हात लावू नका. या सेन्सरच्या वायरीत घालायला ‘परफॉर्मन्स चिप’ म्हणून जो रेझिस्टर विकतात, तो ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) हवा खोटीच थंड दाखवतो. मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त जातं, मायलेज घसरतं, प्लग काळे पडतात आणि पीयूसी अडते.

वेल्डिंग झाल्यावर पाइप आतून बोट फिरवून तपासा. खरखर लागली की बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) काढा, मग साबणाच्या गरम पाण्याने, ब्रश घालून तीनदा धुवा. पांढरं फडकं आतून ओढल्यावर करडं निघत असेल तर पुन्हा धुवा. अ‍ॅल्युमिनियमचा भुसा सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे काढतो.

हंप कपलर पाइपाच्या मधल्या जोडावर ठेवा. रेस दिल्यावर इंजिन माउंटवर सेंटिमीटरभर सहज डोलतं. सगळं कडक बांधलं तर आधी वेल्डला तडा जातो. पाइपचं वजन थ्रॉटल बॉडीवर येऊ देऊ नका, रबर माउंटवर एक ब्रॅकेट द्या. हातब्रेक ओढून, दुसऱ्याला गाडी स्टार्ट करून दोन-तीनदा रेस द्यायला सांगा आणि पाइप कुठे घासतोय का ते बाजूला उभं राहून पाहा.

गळती

सिटीत मास एअर फ्लो सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर, नाही. ईसीयू मॅनिफोल्डचा दाब, आरपीएम आणि हवेचं तापमान यांवरून पेट्रोल ठरवतो, त्यामुळे या इनटेकसाठी रीमॅपची (ईसीयूचं सेटिंग बदलण्याची) गरज नाही. पण याच गुणात एक धोका आहे. थ्रॉटलच्या आधी पाइपात फट राहिली तर आयडलिंग बिघडत नाही, चेक लाइट लागत नाही, गाडी सुरेख चालते आणि रोज धूळ खात राहते. हवा मोजणारा सेन्सर असलेली गाडी अशा फटीने लगेच अडखळते. ही मुकाट सहन करते.

म्हणून तपासणी हातानेच करावी लागते. फिल्टर काढून पाइपचं तोंड बंद करा. ब्रीदरची नळी सोडून निपलला टोपी घाला, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये जाऊन ऑइल सील उचलले जातील. थ्रॉटल बंद ठेवून रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने ०.१ ते ०.२ बार दाब द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. थ्रॉटलच्या पानाशी थोडी हवा जाणारच, ती सोडून द्या. कपलर आणि वेल्डवर बुडबुडा दिसता कामा नये.

दुसरी तपासणी ५०० किमीनंतर. सुरुवातीलाच पाइपच्या आत, थ्रॉटलच्या जवळ रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. ५०० किमीने कपलर काढून त्यावर बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर ठीक. बोटांत वाळूसारखं चुरचुरलं तर फिल्टरची फ्लँज नीट बसलेली नाही किंवा फिल्टरच हलक्या प्रतीचा आहे.

पुन्हा मोजणी आणि येणाऱ्या अडचणी

तीच नळी, तोच रस्ता, तीच वेळ. ६० च्या वेगाला पाइपातलं तापमान बाहेरच्यापेक्षा ५ ते ८ अंशांच्या आत असायला हवं. ट्रॅफिकमध्ये ते चढेलच, पण वेग घेतल्यावर मिनिट-दोन मिनिटांत उतरलं पाहिजे. उतरत नसेल तर झाकणाचा फोम नाहीतर डक्टचा जोड तपासा. पाण्याचा फरक आधीपेक्षा वाढला असेल तर कुठेतरी डक्ट वळणात चपटा झालाय. शक्तीची वाढ दोन-चार टक्क्यांची धरा. कंपनीचा एअरबॉक्सही मूर्खांनी बनवलेला नाही. थ्रॉटलचा प्रतिसाद आणि व्हीटेक उघडताना येणारा आवाज यांतला फरक मात्र पहिल्याच दिवशी कळतो.

कामानंतर आयडल वर-खाली होत असेल तर दोष बहुधा नव्या पाइपात नसतो. काम करताना ओढली गेलेली एखादी जुनी, कडक झालेली व्हॅक्यूम नळी तडकलेली असते. सगळ्या नळ्या वाकवून बघा आणि तडा दिसला की बदला. ठरावीक आरपीएमला घुमणारा आवाज येत असेल तर पेटीचा पत्रा थरथरतोय. सपाट भागावर आतून डॅम्पिंग शीटचा तुकडा चिकटवा. पीयूसी काम झाल्यावर लगेच करून घ्या, म्हणजे मिश्रणात काही बिघडलं असेल तर तेव्हाच कळेल.

तेलाचा कॉटन फिल्टर असेल तर धुतल्यावर तेल मोजकंच लावा आणि रात्रभर ठेवा. जास्तीचं तेल थ्रॉटलच्या पानावर चिकटतं. धुळीच्या रस्त्यांवर गाडी जास्त चालत असेल तर कोरडा फिल्टरच बरा. पावसाळ्याआधी निचऱ्याची दोन्ही भोकं तारेने साफ करा. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलून बाहेर काढा, चारही प्लग काढा, मगच इंजिन फिरवा, म्हणजे आत गेलेलं पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर उडेल.